पत्र्याच्या स्टडच्या भिंतीवर जड सरकता दरवाजा कसा टांगावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन खोल्यांच्या मध्ये जिप्सम बोर्डचं पार्टिशन आहे, आत पत्र्याचे स्टड, म्हणजे बोर्ड ज्यांना लागतो ते उभे खांब, आहेत. ९०० मिमी रुंदीच्या मोकळ्या जागेवर भिंतीच्या बाहेरून सरकणारा दरवाजा बसवायचा आहे: १००० बाय २१५० मिमी, ४० मिमी जाड, भरीव लाकडाचा. किटमध्ये २ मीटरची लोखंडी पट्टी, दोन चाकं आणि लाकडात पिळायचे पाच जाड बोल्ट आले आहेत. एक मिस्त्री म्हणतो, बोल्ट सरळ स्टडमध्ये आवळा. दुसरा म्हणतो, स्टडच्या भानगडीत पडू नका, बोर्डाला टॉगल (भोकातून आत जाऊन बोर्डाच्या मागे उघडणारी पकड) मारून टाका. कोणाचं ऐकायचं?

या कामात कोणाचंच ऐकू नका. दोघंही स्क्रूबद्दल बोलतायत. तुमचं काम अडलंय ते स्क्रूच्या मागे काय आहे यावर.

आधी दरवाजाचं वजन काढा. तुमच्या मापाचा दरवाजा म्हणजे ०.०८६ घनमीटर लाकूड. सागवानासारख्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरलं तर नुसता दरवाजा ५६ किलोचा झाला. चाकं, पट्ट्या, मूठ धरून ६० किलो. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा) असेल तर आणखी सात-आठ किलो जास्त. त्यावर कोणी हौसेने ५ मिमीचा पूर्ण उंचीचा आरसा चिकटवला तर आणखी सव्वीस-सत्तावीस किलो, आणि ही भर बहुतेक वेळा सगळं फिटिंग झाल्यानंतर पडते. अंदाजावर जाऊ नका. वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग दरवाजा उचलून उभे राहा, वजाबाकी करा. एकट्याला झेपत नसेल तर दरवाजा काट्यावर उभा करून दुसऱ्याला फक्त तोल धरायला सांगा.

आता हे ६० किलो भिंतीला काय करतात ते बघू. बहुतेकांना वाटतं की वजन खाली ओढतं, म्हणजे बोल्ट कातरला जाईल किंवा वाकेल. तसं क्वचितच होतं. पट्टी भिंतीला चिकटून नसते. मध्ये नळीसारखे स्पेसर असतात, म्हणून दरवाजाचं वजन भिंतीच्या पृष्ठभागापासून साधारण ४० मिमी पुढे लोंबकळतं. त्यामुळे पट्टी वरून पुढे झुकायला बघते आणि बोल्ट भिंतीतून बाहेर खेचला जातो. खिळा उपटताना हातोडीचा पंजा जे करतो तेच इथे स्पेसरची खालची कड करते: ती बोर्डावर टेकते आणि बोल्टला बाहेर काढते.

आकडे मांडून बघा. ६० किलो गुणिले ४० मिमी म्हणजे २४००. स्पेसरचा व्यास २५ मिमी असेल तर बोल्टच्या मध्यापासून खालच्या कडेपर्यंत जेमतेम १२ मिमी. २४०० भागिले १२, म्हणजे २०० किलोची ओढ. ती पाचही बोल्टांत सारखी वाटली जात नाही. चाकं दोनच असतात आणि दरवाजा ज्या जागी उभा असेल तिथल्या दोन-तीन बोल्टांवर सगळा भार येतो. म्हणजे एका बोल्टवर ७० ते १०० किलो, आणि तेही दरवाजा शांत उभा असताना.

समोर काय आहे? साध्या पार्टिशनचा स्टड म्हणजे अर्धा मिमीच्या आसपास जाडीचा वाकवलेला पत्रा. ४.८ मिमीचा चांगला सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत जाणारा) स्क्रू अशा पत्र्यात पूर्ण बसला तरी ६५-७० किलोच्या ओढीला तो उपटून येतो, आणि सुरक्षित वापरासाठी त्याचा तिसरा हिस्साच धरायचा असतो. किटमधला लाकडी बोल्ट तर त्याहून वाईट. त्याचे आटे लाकडात रुतण्यासाठी लांब-लांब काढलेले असतात. पत्रा इतका पातळ की तो दोन आट्यांच्या मध्ये नुसता लटकतो. आवळताना सुरुवातीला हाताला जोर लागतो, बरं वाटतं, आणि मग एकदम मोकळं फिरतं. त्या क्षणी पत्र्याचं भोक फाटलेलं असतं. तिथे दुसरा, आणखी जाड बोल्ट घालणं म्हणजे फाटकं भोक मोठं करणं.

हे मी अनुभवाने शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी अभ्यासिकेच्या खोलीला असाच दरवाजा लावला होता. पाचपैकी तीन बोल्ट स्टडमध्ये आले, दोन टॉगलवर बसवले, सगळं लेव्हलमध्ये, दरवाजा लोण्यासारखा सरकत होता. चार महिन्यांनी घरमालकांचा फोन आला: दरवाजा चांगला चालतोय, पण रोज सकाळी स्कर्टिंगवर पांढरी पूड पडलेली असते, पुसली तरी परत येते. मी गेलो. दरवाजा उघडून जिथे थांबतो त्या टोकाला पट्टी आणि भिंत यांच्यात टॉर्च मारली. स्पेसर बोर्डात शिरला होता, खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखी खोबण पडली होती आणि वरच्या बाजूला ६ मिमी फट. पूड म्हणजे रोज थोडं थोडं दळलं जाणारं जिप्सम. त्या घरात लहान मूल होतं आणि दरवाजाखालीच त्याचं खेळण्यांचं टोपलं ठेवलेलं होतं. मी त्याच दिवशी दरवाजा उतरवला. तेव्हापासून पत्र्याच्या स्टडवर फळीशिवाय जड दरवाजा टांगत नाही. तुम्हीही टांगू नये, म्हणूनच इतकं लांबलचक लिहितोय.

फळी म्हणजे पट्टीच्या मागे भिंतीवर आडवी बसवायची भक्कम लाकडी पाटी. २५ मिमी जाड, १५० मिमी उंच, पट्टीपेक्षा थोडी लांब. तिने दोन कामं होतात. पहिलं, पट्टीची भोकं आणि स्टड यांचा मेळ घालायची गरज उरत नाही. स्टड ४०० किंवा ६०० मिमीवर असतात, पट्टीची भोकं भलत्याच अंतरावर. पट्टी फळीला कुठेही लागते, फळी प्रत्येक स्टडला लागते. दुसरं काम जास्त मोलाचं. भार आता भिंतीपासून ६५ मिमी पुढे गेला हे खरं, म्हणजे ६० गुणिले ६५, ३९०० झाले. पण टेकण्याची कड आता स्पेसरची नाही, फळीची खालची कड आहे, आणि वरच्या ओळीतले स्क्रू तिच्यापासून १२० मिमी वर आहेत. ३९०० भागिले १२०, म्हणजे साडेबत्तीस किलो. दोनशेची ओढ तेहतीसवर आली, आणि तीही दोन-तीन स्टडांतल्या चार-सहा स्क्रूंत वाटली गेली.

मग एवढ्यावर भागतं का? तुमचा दरवाजा पोकळ असता, २५-३० किलोचा, तर मी म्हणालो असतो की फळी सगळ्या स्टडांना नीट लावा आणि निश्चिंत राहा. ६० किलोला कागदावर भागतं, पण मी तिथे थांबत नाही, कारण दरवाजा हलतो. मध्यम वेगाने, सेकंदाला अर्धा मीटर, ढकललेला ६० किलोचा दरवाजा टोकाच्या रबरी अडसरावर ५ मिमीत थांबला तर सरासरी दीडशे किलोचा धक्का बसतो. दिवसातून वीस वेळा, वर्षानुवर्षं. पत्र्यातले आटे अशा धक्क्यांनीच सैल होतात. म्हणून जड दरवाजाला फळीच्या मागे, भिंतीच्या आतही आधार द्यायचा.

पण त्याआधी भिंत या कामाची आहे का ते तपासा. दोन मीटर उंचीवर तळहात टेकवून जोरात ढकला. भिंत हलताना डोळ्यांना दिसली तर थांबा. मग फॉल्स सीलिंगची एखादी फट किंवा लाइटचं भोक गाठून वर बघा: स्टड स्लॅबपर्यंत गेलेत की फॉल्स सीलिंगपाशीच संपलेत? सीलिंगपाशी संपलेल्या पार्टिशनला वरचा आधार जवळपास नसतो. अशा भिंतीवर जड दरवाजा टांगू नका, आत कितीही लाकूड भरा. आणि ती भिंत आग रोखण्यासाठी किंवा आवाज अडवण्यासाठी खास बांधलेली असेल तर बोर्ड कापण्याआधी इमारतीचं काम बघणाऱ्या माणसाला विचारा. तिथे उघडं लाकूड भरणं चालत नाही.

स्टड शोधायला महागडं यंत्र लागत नाही. छोटं, जोरकस लोहचुंबक दोऱ्याला बांधा आणि भिंतीवरून हळूहळू फिरवा. बोर्डाचे स्क्रू असतील तिथे ते टपकन चिकटतं. दोन-तीन उंचींवर तसे स्क्रू एका ओळीत सापडले की तो स्टड. पेन्सिलने उभी रेघ मारा. मग बारीक खिळ्याने रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूला टोचून स्टडच्या दोन्ही कडा नक्की करा. ही टोचणी फळीखाली झाकली जाते. इथेच एक बारकावा बघून ठेवा. स्टडचा आकार इंग्रजी सी अक्षरासारखा असतो: एका बाजूला उभा पाठीचा पत्रा, दुसऱ्या बाजूला मोकळी ओठासारखी कड. स्क्रू पाठीच्या बाजूला, कडेपासून दहा-बारा मिमीवर मारा. मोकळ्या कडेकडे मारलात तर पत्रा स्क्रूच्या दाबाने मागे पळतो, टोक घसरतं आणि भोक वाकडं पडतं. बोर्ड लावणाऱ्या कारागिरांच्या हाताला हे सवयीने माहीत असतं, सुताराला बहुतेक वेळा नसतं.

विजेच्या वायरी विसरू नका. स्टडच्या पाठीला कारखान्यातूनच भोकं पाडलेली असतात आणि वायरी त्यांतून आडव्या जातात. दरवाजाशेजारी बटणांचा बोर्ड असतोच, त्याची वायर वरून येते, म्हणजे नेमकी तुमच्या फळीमागून. मेन स्विच बंद करा आणि जिप्सम बोर्ड कापताना पातं भिंतीत २० मिमीपेक्षा खोल जाऊ देऊ नका.

आता आतल्या आधाराबद्दल. लोकांना भीती वाटते की भिंत फोडायची, मग पुट्टी, रंग, सगळा पसारा. त्याची गरज नाही. फळी १५० मिमी उंचीची आहे ना? मग फळीची जागा भिंतीवर आखा आणि तिच्या आत, वरखाली वीस-वीस मिमी सोडून, ११० मिमी उंचीची आडवी चीर कापा. सगळं काम त्या चिरेतून करायचं. शेवटी फळी बसली की चीर झाकली जाते आणि पुट्टीचा एक थेंबही लागत नाही. हातकरवतीने सावकाश कापा, स्टडवर आलात की धारदार सुरीने. बोर्डाचे स्क्रू दिसतील ते आधी काढून घ्या.

चिरेतून दोन स्टडांच्या मध्ये लाकडाचे ठोकळे घाला. ४० मिमीच्या आसपास जाडीचं, पूर्ण वाळलेलं लाकूड किंवा दोन थर चिकटवलेलं १८ मिमीचं प्लाय. स्टडच्या मोकळ्या ओठापाशी ठोकळ्याला खाच काढावी लागते, नाहीतर तो तिरका बसतो. प्रत्येक ठोकळा वेगळा मोजा, सगळे एकदम कापून ठेवू नका. स्टडांमधलं अंतर सांगितलं जातं ६०० आणि निघतं ५८८. ठोकळ्याचा दर्शनी भाग स्टडच्या दर्शनी भागाशी सपाट यायला हवा. एका बाजूला स्टडच्या पाठीतून दोन स्क्रू, दुसऱ्या बाजूला समोरच्या पत्र्यातून दोन. पाठीतून मारायला जागा अपुरी पडते, त्यासाठी काटकोनात वळणारं ड्रिलचं तोंड मिळतं, ते आणा. नाहीच जमलं तर ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना समोरूनच मारा.

मग चिरेत जी १२.५ मिमीची खोबण उरली ती १२ मिमीच्या प्लायच्या पट्टीने भरा आणि ती पट्टी स्टडांना आणि ठोकळ्यांना सढळ हाताने स्क्रू मारून जखडून टाका. भिंतीवर बोर्डाचे दोन थर असतील तर पट्टीही तेवढी जाड घ्या. हे करताना कंटाळा करू नका. जिप्सम दाबलं की चुरतं, लाकूड चुरत नाही. फळीचा भार आता प्लायवर, प्लायचा ठोकळ्यांवर आणि स्टडांवर, असा सलग लाकडातून आणि पत्र्यातून जातो.

लाकूड घालायची परवानगी नसेल किंवा स्टड फारच अरुंद असतील तर दीड मिमी जाड, शंभरेक मिमी रुंद, जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची सलग पट्टी चिरेत स्टडांवर आडवी लावता येते. पत्र्याची जाडी तिप्पट झाली की त्यातल्या स्क्रूची पकडही साधारण त्याच प्रमाणात वाढते.

मोकळ्या जागेच्या वरच्या भागाकडे वेगळं लक्ष द्या. अर्धी पट्टी तिथेच येणार आहे. पत्र्याच्या भिंतीत दरवाजाच्या डोक्यावर खरी तुळई नसते. आडवा चॅनल आणि त्यावर एक-दोन आखूड स्टड, एवढंच. ठोकळे दोन्ही बाजूंच्या पूर्ण उंचीच्या स्टडांपर्यंत सलग न्या आणि फळी त्या दोन्ही स्टडांना चार-चार स्क्रूंनी बांधा. भार त्यांच्यावरच गेला पाहिजे.

फळी लावताना होणारी एक चूक वारंवार बघतो. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लाकडातून थेट पत्र्यात मारतात. आटे लाकडात आणि पत्र्यात दोन्हीकडे पकडतात, त्यामुळे फळी भिंतीपासून दोन मिमी उचललेलीच राहते आणि कितीही आवळलं तरी बसत नाही. मग माणूस आणखी जोर लावतो आणि पत्र्याचे आटे जातात. फळीत आधी स्क्रूच्या जाडीपेक्षा किंचित मोठं भोक पाडा, म्हणजे स्क्रू फळीतून सैल जाईल आणि फक्त मागेच पकडेल. पंखवाले स्क्रू यासाठी सुचवले जातात: त्यांचे पंख लाकडात मोठं भोक पाडतात आणि लोखंडाला लागले की तुटतात. ते जाड लोखंडासाठी आहेत, पातळ पत्र्यात पंख तुटत नाहीत आणि भोकच मोठं करून ठेवतात. ड्रिलचा वेग कमी, क्लच हलका, शेवटचा पाव फेरा हाताने.

पट्टी फळीला लावायला किटचे लाकडी बोल्ट वापरू नका, २५ मिमी फळीत त्यांना पुरेशी खोली मिळत नाही. चौरस मानेचे ८ मिमी बोल्ट घ्या. फळी भिंतीवर चढवण्याआधी ते मागून घाला, डोकं बुडेल एवढी खोबण काढा, मान ठोकून लाकडात रुतवा. समोर स्पेसर, पट्टी, वॉशर, नट. पट्टीचं भोक वेगळ्या मापाचं असेल तर बोल्ट त्या मापाचा घ्या. आता नट कधीही आवळता येतो आणि पट्टी काढून पुन्हा लावली तरी काही सैल होत नाही. अर्थात पट्टीची भोकं फळीवर आखताना चूक चालणार नाही: पट्टी फळीवर ठेवा, दोन्ही टोकं शिकंज्याने धरा, बिट पट्टीच्या भोकातूनच टेकवून खूण करा.

फळीची जाडी ठरवताना दरवाजाच्या चौकटीची बाहेर आलेली पट्टी आणि स्कर्टिंग मोजा. दरवाजा त्यांच्यावरून किमान ६ ते ८ मिमी अंतर राखून गेला पाहिजे. कमी पडलं तर फळी जाड करा, स्पेसर लांब करू नका. स्पेसर लांबला की ओढ थेट बोल्टवर वाढते.

लेव्हल लेझरने किंवा पाण्याच्या नळीने घ्या, जमिनीवरून मोजून कधीच नको. थोडासा उतारही जड दरवाजाला पुरतो, तो रात्री आपोआप सरकत उघडा होतो. फरशीचा सगळ्यात उंच बिंदू शोधा आणि दरवाजाचा तळ त्यापासून १० मिमी वर ठेवा. खालचा गाइड, म्हणजे दरवाजाच्या तळाच्या खाचेत बसून त्याला डोलू न देणारा तुकडा, दरवाजा पूर्ण उघडा आणि पूर्ण बंद असताना दोन्ही वेळा खाचेत राहील अशा जागी लावा. दरवाजावर ठोकायच्या, चाक उडी मारू नये म्हणून दिलेल्या छोट्या चकत्या बऱ्याच घरांत पिशवीतच राहिलेल्या दिसतात. त्या न लावता दरवाजा वापरायला सुरुवात करू नका. चाक रुळावरून सुटलं की ६० किलो सरळ माणसाच्या अंगावर येतात.

टोकाच्या रबरी अडसरांऐवजी, किंवा त्यांच्या जोडीला, हळू थांबवणारा डॅम्पर बसवा. तो दरवाजा पाच मिमीऐवजी पन्नास-साठ मिमीत थांबवतो, म्हणजे धक्का दहापटीने कमी. या कामात एवढ्याशा वस्तूतून इतका फायदा दुसऱ्या कशात नाही. घेताना तो किती किलोच्या दरवाजासाठी आहे ते वाचा.

टॉगलबद्दल दुसऱ्या मिस्त्रींनी सांगितलं, त्यालाही उत्तर देतो. धातूचा चांगला टॉगल वाईट नाही. पण डब्यावरचा आकडा बहुतेक वेळा तो तुटतो त्या वजनाचा असतो. वापरायचा चौथा हिस्सा. शिवाय टॉगल बोर्डाला मागून धरतो, म्हणजे भार पुन्हा जिप्समवरच. स्टडच्या पत्र्यालाच भोक पाडून टॉगल पत्र्यामागे उघडला तर पकड खूप सुधारते, आणि आतल्या आधाराशिवाय हलक्या दरवाजाची फळी लावताना मी तसं करतोही. पण १३ मिमीचं भोक स्टडच्या ३५ मिमी रुंद दर्शनी पत्र्यात पाडायचं, तर एका स्टडला एक किंवा फार तर दोन, मध्ये चांगलं अंतर सोडून. तुमच्या ६० किलोला नाही.

भिंत तपासताना ती हलली किंवा स्टड सीलिंगपाशीच संपलेले निघाले, तर तीन वाटा आहेत. पट्टी स्लॅबवरून टांगणं, म्हणजे भिंतीवर भारच नाही. किंवा मोकळ्या जागेच्या एका बाजूला आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला ५० बाय ५० मिमीचे लोखंडी चौरस पाइप जमिनीपासून स्लॅबपर्यंत उभे करून त्यांवर आडवा पाइप. तिसरी वाट म्हणजे खालच्या चाकांवर चालणारा दरवाजा, ज्याचं वजन फरशी घेते आणि भिंत फक्त वरचा तोल धरते. मला स्वतःला दुसरी आवडते, काम जास्त आहे पण पुढे बघायला लागत नाही. चौथी वाट कोणी सहसा ऐकत नाही, तरी सांगतो: तोच लाकडी चेहरा असलेला पोकळ दरवाजा करून घ्या. वजन निम्म्यावर येतं आणि समोरून फरक कळत नाही.

दरवाजा चढल्यावर पंधरा दिवसांनी सगळे नट पुन्हा एकदा पान्याने बघा, लाकूड थोडं दबलेलं असतं. त्याच वेळी फळीच्या वरच्या कडेवर, फळी आणि भिंत यांच्या सांध्यावर, पेन्सिलने दोन-तीन ठिकाणी बारीक रेघ ओढा, अर्धी फळीवर, अर्धी भिंतीवर. सहा महिन्यांनी त्या रेघा जुळलेल्या दिसल्या आणि सांध्यात पोस्टकार्डही शिरलं नाही, तर काम पक्कं बसलं. रेघ तुटलेली दिसली किंवा खाली पांढरी पूड सापडली, तर दरवाजा त्याच दिवशी उतरवा आणि मगच कारण शोधा.